कॅमेरा घेतला, पण फोटो मोबाइलसारखेच येतात

प्रश्न थोडक्यात असा: पहिलाच मिररलेस (आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा) कॅमेरा घेऊन तीन महिने झाले, सोबत मिळालेली १८-५५ मिमीची किट लेन्स आहे, फोटो ऑटोवर काढतो. ते मोबाइलपेक्षा काही वेगळे येत नाहीत, कधी कधी तर मोबाइलचेच बरे वाटतात. ॲपर्चर (लेन्सचं भोक किती मोठं), शटर (उजेड किती वेळ आत घ्यायचा), आयएसओ (फोटो किती उजळवायचा) यांवर इतकं बघून-वाचून झालंय की डोकं भंजाळलंय. मॅन्युअलवर, म्हणजे हे तिन्ही स्वतः ठरवण्यावर, कधी जाऊ? की आधी चांगली लेन्स घेऊ?

लेन्सचं आधीच सांगून टाकतो: आत्ता घेऊ नका. का, ते शेवटी येईल. मॅन्युअलचीही घाई नाही. मी वीसेक वर्षं हेच काम करतोय आणि आजही माझे बहुतेक फोटो मॅन्युअलवर काढलेले नसतात. मॅन्युअल म्हणजे फोटोग्राफर झाल्याचा दाखला, असा एक समज उगाचच पसरलाय.

मोबाइलचे फोटो बरे वाटतात, त्यात तुमचं काही चुकत नाही. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप, एपीएस-सी आकाराचा असेल तर तो साधारण २३.५ बाय १५.६ मिमीचा आहे. मोबाइलमधला असतो करंगळीच्या नखाएवढा, बऱ्याचदा त्याहून लहान. एवढ्याशा जागेवर प्रकाश फारसा जमत नाही, म्हणून मोबाइल दुसऱ्या बाजूने कमाई करतो. तुम्ही बटण दाबेपर्यंत त्याने एकामागून एक फ्रेम घेऊन ठेवलेल्या असतात. त्या तो एकमेकींवर बसवतो, सावल्या उजळतो, आभाळ दाबतो, चेहरा घासूनपुसून देतो. तुम्हाला दिसते ती सगळी गोळाबेरीज. कॅमेरा यातलं फारच थोडं करतो, बाकीचं तुमच्यावर सोडतो. तुम्ही ते ऑटोवर सोडलं, म्हणजे ते कुणीच केलं नाही.

ऑटो वाईट असतो असं नाही. आजचे कॅमेरे चेहरा ओळखतात, डोळा ओळखतात, पक्षी ओळखतात. पण तुम्ही हा फोटो का काढताय हे त्यांना कळत नाही. धावणाऱ्या मुलाचा वेग दाखवायचाय की त्याचा चेहरा? मागची खोली दिसायला हवी की पुसून टाकायची? कॅमेरा यातलं मधलं काहीतरी निवडतो आणि फोटोही मधलाच येतो. म्हणून माझी शिकवायची पद्धत एवढीच आहे: कॅमेऱ्याच्या हातातून एका वेळी एकच निर्णय काढून घ्यायचा. तो हातात बसला की दुसरा. तिन्ही एकदम काढून घेतले की तुमचं होतं तसं होतं.

पण त्याही आधी आठ-दहा दिवस कॅमेरा ऑटोवरच राहू द्या आणि फक्त उजेड बघा. मराठीत उन्हाला कोवळं, तिरपं, टळटळीत, रखरखीत असे शब्द आहेत, झाडाखाली कवडसे असतात, फटीतून तिरीप येते. हे सगळे शब्द फोटोग्राफीचेच आहेत. टळटळीत उन्हात डोळ्यांच्या खोबणीत काळे डाग पडतात, कोवळं ऊन गालावरून हळूच उतरतं, ढगाळ दिवशी सावलीला कडाच नसते. आपण हे रोज बघतो, पण फोटो काढताना विसरतो.

एक प्रयोग सांगतो, तो खरंच करा. दिवसा, जिथून थेट ऊन आत येत नाही अशी खिडकी घ्या. खोलीतले दिवे बंद करा, कारण बल्बचा उजेड साधारण ३००० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप) पिवळट आणि बाहेरचा ५५०० किंवा त्याहून वर निळसर. दोन्ही एकत्र आले की चेहऱ्याचा एक गाल हळदीचा आणि दुसरा निळा, आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, कितीही फिरवा, एक सुधारला की दुसरा बिघडतो. आता घरातल्या कुणालातरी खिडकीपासून दोन-तीन पावलांवर खुर्चीत बसवा.

पहिला फोटो: त्यांचं तोंड खिडकीकडे, तुमची पाठ खिडकीकडे. चेहरा स्वच्छ, सपाट, दोन्ही डोळ्यांत खिडकीची छोटी चौकट चमकते. दुसरा: त्यांना तिथेच नव्वद अंशांत वळवा, म्हणजे खिडकी त्यांच्या एका कानाकडे येईल, आणि तुम्हीही फिरून त्यांच्या समोर या. आता नाकाची सावली पलीकडच्या गालावर पडली, सुरकुत्या उठून आल्या, शर्टाच्या विणीचा पोत दिसायला लागला. त्यांना हनुवटी बोटभर खिडकीकडे वळवायला सांगा. अंधारातल्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा एक छोटा त्रिकोण उमटेल. तो उमटण्याचा आणि नाहीसा होण्याचा क्षण दोन-तीनदा बघा, इतक्या थोड्या हालचालीने चेहरा बदलतो. तिसरा: खिडकी त्यांच्या पाठीमागे. चेहरा काळवंडला, केसांच्या कडेला मात्र चंदेरी रेघ आली. माणूस तोच, खुर्ची तीच, कॅमेऱ्याला तुम्ही बोटही लावलं नाही, तरी तीन वेगळे फोटो.

आता खुर्ची खोलीत आत सरकवा, अगदी मागच्या भिंतीपर्यंत. दर पावलावर फोटो काढा आणि स्क्रीनवरचा शटरचा आकडा बघत जा. खिडकीशी १/१२५ सेकंद दाखवणारा कॅमेरा मागच्या भिंतीशी १/१५ वर आलेला असू शकतो, म्हणजे बाकीचे आकडे तेच असतील तर उजेड आठपट उतरला. डोळ्याला हे कळत नाही, कारण डोळा सतत जुळवून घेतो. भर दुपारचं ऊन म्हणजे साधारण १ लाख लक्स (लक्स हे उजेडाचं माप) आणि रात्री दिवा लावलेली खोली म्हणजे शंभरेक, हजारपटीचा फरक, तरी आपण दोन्हीकडे आरामात वावरतो. कॅमेऱ्याला ही सवलत नाही. घरातले तुमचे फोटो ‘का कोण जाणे’ हललेले येतात त्याचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

उजेड दिसायला लागला की पहिला निर्णय काढून घ्या: ॲपर्चर. मोड डायलवर, म्हणजे मोड निवडायच्या चाकावर, ‘ए’ किंवा ‘एव्ही’ लिहिलेलं असेल, तिथे या. ॲपर्चर म्हणजे लेन्समधलं भोक, आणि आकडा उलटा का चालतो याचं उत्तर सोपं आहे: तो भागाकार आहे. फोकल लेंथला (लेन्सचा मिमीचा आकडा) भोकाच्या व्यासाने भागलं की एफ नंबर. ५० मिमीच्या लेन्सवर एफ २ म्हणजे २५ मिमीचं भोक, एफ ८ म्हणजे जेमतेम सव्वासहा मिमीचं. १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ या माळेत दर मण्याला उजेड निम्मा होतो. या एका पायरीला स्टॉप म्हणतात आणि शटर-आयएसओचा हिशोबही याच पायऱ्यांत चालतो.

मागचं धूसर करण्यासाठी एफ १.८ ची लेन्स लागतेच असं सगळे सांगतात. तुमच्या किट लेन्सवर एक गंमत करून बघा. १८ मिमीवर तिचं सगळ्यात मोठं ॲपर्चर बहुधा ३.५ असतं आणि ५५ वर ५.६. आकडे बघून वाटेल की धूसर करायला १८ बरं. पण भागाकार करा: १८ ला ३.५ ने भागलं की पाच मिमीचं भोक, ५५ ला ५.६ ने भागलं की जवळपास दहा मिमीचं. म्हणजे ५५ वर भोक खरं तर दुप्पट आहे. तेव्हा झूम पूर्ण पुढे न्या, ५.६ ठेवा, माणसाच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जा, आणि त्याला भिंतीपासून पाच-सहा मीटर पुढे उभं करा. भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या माणसाची पार्श्वभूमी जगातली कुठलीही लेन्स फारशी धूसर करू शकत नाही. अंतरं आधी, लेन्स नंतर.

उलट टोकाला, सगळं स्पष्ट हवं म्हणून एफ २२ वर जाऊ नका. भोक फार बारीक झालं की त्याच्या कडेवरून प्रकाश पसरतो आणि सगळाच फोटो किंचित मऊ पडतो. तुमच्या सेन्सरवर एफ ८ ते ११ पर्यंत निसर्गाचे फोटो छान येतात, पुढे जायची गरज क्वचित पडते.

दुसरा निर्णय शटरचा. इथे माझीच फजिती सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत एका नाटकाच्या प्रयोगाचे फोटो काढायला गेलो. एफ ४ ची लेन्स, मंचावर पिवळा मंद उजेड. आयएसओ वाढवला की फोटोत दाणे येतात हे कुठेतरी वाचलेलं, म्हणून मी ८०० च्या वर जायचंच नाही असं ठरवलेलं. शटर येत होतं १/३०, १/४०. प्रत्येक फोटो काढून मागच्या स्क्रीनवर बघत होतो, एकेक भारी दिसत होता. घरी येऊन संगणकावर पूर्ण आकारात उघडले तर प्रत्येक हात, प्रत्येक चेहरा फरफटलेला. चारेकशे फोटोंतले दहा-बारा वापरण्यासारखे निघाले, आणि ते कुठले, तर जिथे संवादाच्या मध्ये नट थबकून उभा होता तिथले. दाणेदार फोटो माणसं आनंदाने बघतात, दाणे बऱ्यापैकी कमीही करता येतात. हललेल्या फोटोला औषध नाही. आणि मागची तीन इंची स्क्रीन खुशामत करते. झूम करून डोळे तपासल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवू नका.

हाताच्या थरथरीसाठी जुना ठोकताळा आहे: शटर निदान एक भागिले फोकल लेंथ. एपीएस-सीवर दीडपट धरायचं, म्हणजे ५५ वर १/८२, सोयीसाठी १/१००. लेन्समधलं किंवा कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन असेल तर हात याहून बराच सांभाळला जातो. पण ते सांभाळतं तुमचा हात, समोरच्याला नाही. बसून बोलणाऱ्या माणसाला १/१२५ लागतो, चालणाऱ्याला १/२५०, खेळणाऱ्या पोरांना १/५००, उडत्या पक्ष्याला १/१००० ते १/२०००. हे पाठ करण्यापेक्षा मोड डायल ‘एस’ किंवा ‘टीव्ही’वर आणा आणि उजेडातल्या नळाची बारीक धार घ्या. १/१००० वर मणी सुटे दिसतात, १/६० वर दोरा होतो, १/८ वर काचेची कांडी. दहा मिनिटांत जे कळतं ते तक्त्याने कळत नाही.

आता आयएसओ. याने प्रकाश वाढत नाही. सेन्सरवर जेवढा जमला तेवढाच असतो, आयएसओ त्या संकेताचा आवाज मोठा करतो, आणि आवाजाबरोबर खरखरही मोठी ऐकू येते. दाण्यांचं मूळ कारण म्हणजे उजेडाची कमतरता. त्यामुळे आयएसओ कमी ठेवून काळपट फोटो काढायचा आणि नंतर संगणकावर उजळायचा, हा व्यवहार बहुधा तोट्याचा ठरतो. दाणे तेवढेच, किंवा जास्तच.

म्हणून हा तिसरा निर्णय मी सुरुवातीला कॅमेऱ्याकडेच ठेवायला सांगतो, पण लगाम घालून. मेनूमध्ये ऑटो आयएसओ शोधा. कमाल मर्यादा ६४०० करा, आणि किमान शटर स्पीड ठरवायची सोय असेल तर ती १/१२५ वर ठेवा. मोड ‘ए’. आता तुम्ही फक्त ॲपर्चर बघायचं, शटर १/१२५ च्या खाली घसरायला लागला की कॅमेरा आपणहून आयएसओ चढवेल, कमाल गाठेपर्यंत. पोरं धावायला लागली तर १/१२५ चं १/५०० करा. रोजच्या वापरात मी स्वतः याच्या पुढे फारसा जात नाही. मॅन्युअल कधी, तर जिथे उजेड स्थिर आहे आणि कॅमेरा फसतोय तिथे: काळ्या पडद्यापुढचा मंच, रात्रीचं आभाळ, फ्लॅश, किंवा चार फोटो जोडून एक लांब फोटो करायचा असेल तेव्हा.

कॅमेरा फसतो म्हणजे काय, हे मात्र नीट समजून घ्या, कारण नवख्यांच्या हातात आलेलं सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात दुर्लक्षित बटण इथलं आहे. एक पांढरी चादर घ्या, चौकट तिने पूर्ण भरा, फोटो काढा. मग काळा कपडा घ्या, तसाच फोटो काढा. दोन्ही शेजारी ठेवून बघा. चादर मळकी करडी आलीय आणि काळा कपडा विटका करडा. दोघी बहिणी वाटाव्यात. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर समोर जे काही असेल ते सरासरीने मधलं करडं आहे असं धरून चालतो; पडलेल्या प्रकाशातला साधारण १८ टक्के परत फेकणारा करडा. धुक्यातली सकाळ, बर्फ, पांढऱ्या कपड्यांतला माणूस, यांना तो काळवंडतो. काळ्या मांजराला तो राखाडी करतो. अधिक-उणे चिन्ह असलेलं बटण किंवा चाक म्हणजे एक्सपोजर कॉम्पेन्सेशन. पांढऱ्यासाठी अधिक १ ते दीड, काळ्यासाठी उणे १. मिररलेसमध्ये फरक फोटो काढायच्या आधीच दिसतो. डीएसएलआरच्या, म्हणजे आरसेवाल्या कॅमेऱ्यांच्या, काळात आम्ही काढून, बघून, चुचकारून पुन्हा काढत होतो.

एक सावधगिरी. डिजिटलमध्ये उजळ बाजू एकदा उडाली की उडाली. तिथे माहितीच उरत नाही, नुसता पांढरा कागद. सावलीत मात्र बरंच काही दडलेलं असतं. निगेटिव्ह फिल्मचं उलट होतं, ती जास्तीचा उजेड पोटात घ्यायची, म्हणून फिल्मवरून आलेल्या जुन्या लोकांना सुरुवातीला त्रास झाला. आभाळ महत्त्वाचं असेल तर हिस्टोग्राम चालू करा: डोंगरासारखा दिसणारा आलेख, डावीकडे फोटोतलं काळं, उजवीकडे पांढरं. त्या डोंगराचा पायथा उजव्या भिंतीला आपटून उभा चढला असेल तर थोडं उणे करा.

सावलीत दडलेलं हे वाचवायला रॉ फाइल लागते. सेन्सरवरचा एक पिक्सेल एकच रंग मोजतो. त्यावर लाल, हिरव्या, निळ्या गाळण्यांची जाळी बसवलेली असते आणि दर चार खणांत दोन हिरवे, कारण आपल्या डोळ्याला हिरव्यातला बारकावा जास्त कळतो. ही मांडणी कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांची, पेटंट १९७६ चं. त्याच कंपनीत आदल्याच वर्षी स्टीव्हन सॅसन यांनी पहिला हातात उचलता येणारा डिजिटल कॅमेरा जोडला होता: १०० बाय १०० पिक्सेल, कृष्णधवल, आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. तर तुमच्या कॅमेऱ्यातले २४ मेगापिक्सेल म्हणजे १२ हिरवे, ६ लाल, ६ निळे; बाकीचे रंग शेजाऱ्यांवरून हिशोबाने भरलेले. हा हिशोब व्हायच्या आधीची मोजमापं म्हणजे रॉ. १४ बिटच्या रॉमध्ये काळ्या-पांढऱ्याच्या मध्ये १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये दर रंगाला २५६. जेपेग म्हणजे शिवून आलेला सदरा, रॉ म्हणजे कापड. सदरा अंगाला बसला तर प्रश्नच नाही, नाही बसला तर शिवणीत जेवढी माया सोडलीय तेवढाच सैल करता येतो. सुरुवातीला दोन्ही साठवा. जेपेग बघायला, रॉ पुढे हात बसल्यावर पुन्हा उघडायला. पहिल्या वर्षातल्या रॉ फाइली पुसू नका. पुढे कधीतरी त्यातून असे फोटो निघतात की आपलेच वाटत नाहीत.

मेगापिक्सेलवर वेळ घालवू नका. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० बाय ४०००. इंचाला ३०० ठिपके धरून छापलं तर २० बाय १३ इंचांचा प्रिंट. फोरके स्क्रीनला यातले ८३ लाखच लागतात.

फोटो अस्पष्ट आला की सगळे ‘ब्लर झाला’ म्हणतात आणि लेन्सला दोष देतात. त्याचे तीन प्रकार आहेत आणि तिघांवरचे उपाय वेगळे. फोटो पूर्ण आकारात उघडा. कानामागचे केस किंवा मागची कुंडी स्पष्ट आहे आणि डोळे मऊ आहेत, तर फोकस चुकला. मागची भिंत स्पष्ट आहे आणि माणूसच फरफटलाय, तर माणूस हलला, शटर वाढवा. सगळंच एका दिशेने सारखं फरफटलंय, दिव्यांच्या ठिपक्यांच्या रेघा झाल्यात, तर तुमचा हात हलला. तुमचे जुने पन्नास फोटो घेऊन बसा आणि प्रत्येकाच्या कपाळी यातलं एक लिहा. माझा अंदाज, अर्ध्याहून जास्त दुसऱ्या प्रकारातले निघतील.

फोकस चुकत असेल तर कॅमेऱ्याला बिंदू निवडू देणं थांबवा. माणसं असतील तर डोळा ओळखणारा फोकस चालू करा, वस्तू असतील तर एकच छोटा चौकोन ठेवून तो तुम्ही हलवा. स्थिर वस्तूसाठी सिंगल फोकस, हलणाऱ्यासाठी कंटिन्युअस, म्हणजे सतत जुळवत राहणारा. बटण आधी अर्धं दाबायची सवय लावा. कॅमेऱ्याला फोकस करायला आणि तुम्हाला विचार करायला तेवढाच वेळ मिळतो.

चौकटीबद्दल थोडंच बोलतो. चौकटीचे तीन भाग करून माणूस एका रेघेवर ठेवायचा, हा नियम तुम्ही वाचला असेलच. वाईट नाही. पण त्यापेक्षा बटण दाबायच्या आधी नजर एकदा चारही कडांवरून फिरवा. डोक्यातून उगवलेला खांब, कोपऱ्यातलं अर्धं चप्पल, मनगटाशी कापलेला हात, हे सगळं कडांवर सापडतं. मग एक पाऊल पुढे जा. झूम आणि पाऊल यांत फरक आहे: १८ मिमीवर चेहऱ्याच्या जवळ गेलात तर नाक पुढे येतं आणि कान मागे पळतात, कारण नाक तुमच्यापासून जेवढं लांब आहे त्या मानाने कान बरेच लांब पडतात. दोन मीटर मागे सरून ५५ वर घ्या, चेहरा आपल्या जागी येतो. दोष लेन्सचा म्हणतात, पण तो अंतराचा असतो.

काही किरकोळ पण डोकं खाणाऱ्या गोष्टी. घरातल्या एलईडी किंवा ट्यूबखाली फोटोवर आडवे पट्टे येत असतील तर कॅमेरा बिघडलेला नाही. ५० हर्ट्झच्या विजेवर काही दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. सायलेंट शटर बंद करा आणि शटर १/१०० किंवा १/५० ठेवा. वीज ६० हर्ट्झची असेल तर १/१२० किंवा १/६०. कार्ड संगणकात रिकामं करण्यापेक्षा कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, पण फोटो दोन वेगवेगळ्या जागी उतरल्याची खात्री झाल्यावर. काम संपलं की आयएसओ आणि कॉम्पेन्सेशन मूळ जागी आणा. रात्री अधिक दीडवर ठेवलेलं चाक सकाळी कुणालाच आठवत नाही, मलाही.

आणि काढलेले फोटो बघा. शंभरातले पाच ठेवा, त्या पाचांची माहिती उघडून शटर, ॲपर्चर, फोकल लेंथ वाचा. बहुतेक लोक काढतात खूप आणि परत बघतच नाहीत. हात महिन्याभरात बसतो. नजर बसायला याच कंटाळवाण्या कामाचा उपयोग होतो.

आता लेन्स. सहा महिन्यांनी हीच माहिती काढून बसा. ठेवलेले बहुतेक फोटो ५५ वर असतील आणि तरी कापून मोठे करावे लागत असतील, तर तुम्हाला लांबचं बघणारी लेन्स हवी. सगळे १८ वर अडकले असतील तर रुंद. आणि चांगले फोटो पुन्हा पुन्हा आयएसओ ६४०० वर आदळत असतील, तर एफ १.८ ची साधी प्राइम (झूम नसलेली लेन्स) घ्या, ५.६ च्या तुलनेत ती जवळपास दहापट उजेड आत घेते. मात्र ३५ आणि ५० यांत गल्लत करू नका. एपीएस-सीवर ३५ ची चौकट फुल फ्रेमवरच्या (त्याहून मोठ्या सेन्सरवरच्या) ५२ सारखी दिसते, ५० ची ७५ सारखी. घरातल्या माणसांसाठी बहुतेक जण ५० घेतात, आणि पहिल्याच संध्याकाळी मागे सरकत सरकत भिंतीला पाठ टेकते, तरी समोरच्याचे गुडघे चौकटीत मावत नाहीत.